विजापूरची बघाबघी

"उजव्या अंगाला राहायचं, मुल्ला. बोलायचं ते तिच्या उजव्या अंगानं. चुकून डावीकडं गेलात तर पुढं येऊन बोला."

अण्णा, म्हणजे माझे वडील, हे गाईडच्या कानाशी लागून सांगत होते आणि मी चार हात अंतरावर उभी राहून निऱ्या नीट करत होते. मला ऐकू येत नाही असा त्यांचा समज. अण्णांचं हे नेहमीचंच होतं. माझा एक कान गेलेला, पण ते मला दोन्ही कानांनी बहिरी धरून चालत आणि माझ्यादेखत माझ्याविषयी वाटेल ते बोलत.

सातव्या वर्षी मला गालफुगी झाली. आठ दिवसांत ती गेली आणि जाताना डावा कान घेऊन गेली. वरून काही कळायचं नाही, कुडी दोन्ही कानांत सारखीच शोभायची. त्यामुळे ही गोष्ट लपवता येण्यासारखी आहे हे घरात फार लवकर सगळ्यांच्या ध्यानात आलं. आईने मला एक युक्ती शिकवली होती. डावीकडून कुणी काही बोललं आणि कळलं नाही तर "काय?" म्हणायचं नाही. हसायचं आणि मान डोलवायची. बहुतेक माणसांना तेवढंच हवं असतं, असं आई म्हणायची. ते खरं होतं. इतकं खरं होतं की माणसांविषयी माझं मत तेव्हापासून फारसं बरं राहिलं नाही.

साल चौऱ्याण्णव, महिना जानेवारी. मी तिशीला टेकले होते आणि सोलापूरला जिल्हा परिषदेत टायपिस्ट होते. टायपिंगच्या खोलीत बारा मशीनं एकदम चालत. तिथे दोन कानवाल्यांनाही काही ऐकू येत नसे, त्यामुळे माझं छान चाललं होतं. अण्णा जकात नाक्यावरून रिटायर झालेले. लोकांनी कडब्याखाली दडवलेला माल हुडकण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, आणि आता स्वतःकडचा दडवलेला माल खपवायला ते गावोगाव हिंडत होते. हे मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवीन स्थळ घेऊन आले.

बारा ठिकाणी मला दाखवून झालं होतं आणि बाराही ठिकाणांहून नकार आला होता. बार्शीकडच्या मुलाची आत्या तर नेमकी माझ्या डावीकडे येऊन बसली. तिने काहीतरी विचारलं, मी हसून मान डोलावली. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा डोलावली. तिसऱ्या खेपेला ती उठूनच गेली. मुलगी डोक्याने जरा कमी वाटते, असा निरोप आला. कानाने कमी म्हणण्यापेक्षा ते बरं, असं अण्णांना घटकाभर वाटून गेलं असावं, कारण ते फारसे चिडले नाहीत.

मग सांगलीच्या कवठेकरांचं पत्र आलं. कवठेकर निवृत्त हेडमास्तर. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर त्याहून पॉलिश केलेला. 'चार भिंतींत पोह्यांच्या बशा पुढे करून मुलीची परीक्षा घेणे आम्हांस रानटी वाटते. उभयपक्षी विजापुरी भेटू. दिवसभरासाठी आपल्यापुरता स्वतंत्र गाईड ठरवू. इतिहास पाहू. मुलांनाही मोकळेपणा लाभेल.' पत्र वाचून अण्णा खोलीत येरझाऱ्या घालू लागले. उघडं मैदान, कुणी बसणार नाही, दिवसभर बोलणार तो गाईड. मुलीने फक्त ऐकल्यासारखं करायचं. त्यांना ही सोय देवानेच पाठवल्यासारखी वाटली. मी 'रानटी' हा शब्द वाचून हसत होते. बाकीचे लोक मुलगी अर्धा तास बसवून बघायचे. हे सुधारक तिला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उन्हात चालवून बघणार होते.

मी जायला तयार झाले ते वेगळ्याच हेतूने. बारा नकार मी घेतले होते. तेरावा मला द्यायचा होता. मुलगा कसाही असो, संध्याकाळी पाच वाजता त्याच्या बापासमोर उभं राहून 'मला पसंत नाही' म्हणायचं आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं. एवढ्यासाठी मी नवी साडी नेसले होते. आईचे गुडघे धरले होते म्हणून ती घरीच राहिली. अण्णांनी मात्र वाटेत जीपमध्ये दोनदा म्हटलं, "मंजिरी, हे शेवटचं. यापुढं माझ्यात ताकद नाही." ते माझ्या उजवीकडे बसले होते, त्यामुळे हे मला ऐकावं लागलं.

गाईडचं नाव दस्तगीर मुल्ला. साठीचा, किडकिडीत, डोक्यावर केसाळ टोपी, अंगात कुणा साहेबाने दिलेला असावा असा कोट, तोही बाह्यांनी लांब. सोलापूर-मिरजेकडची माणसं फिरवून फिरवून मराठी शिकलेला. अण्णांचं ऐकून त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "फिकीर नको साहेब. आपण उजवीकडंच."

तेवढ्यात कवठेकरांची मारुती व्हॅन आली. हेडमास्तर सफारीत. कवठेकरबाईंच्या हातात कापडी पिशवी, तिच्यातून नारळाची शेंडी डोकावत होती. मुलगा गाडी चालवत आला होता. हेरंब. उंच, जाड चष्मा, पुण्याच्या कुठल्याशा कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचा. त्याने हात जोडले. तोंडातून अक्षर काढलं नाही.

"प्रवास नीट झाला ना?" मी त्याला विचारलं.

"हेरंबला ड्रायव्हिंगचा कंटाळा येत नाही," हेडमास्तर म्हणाले. "पहाटे निघालो. रस्ता उत्तम."

मी पुन्हा मुलाकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

मग हेडमास्तरही गाईडला घेऊन पिंपळाखाली गेले. बोट नाचवत बराच वेळ काहीतरी बजावत होते. गाईड मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्याने तसाच छातीवर हात ठेवला. मी मनात म्हटलं, मोत्याचं अक्षर आणि चार रुपयांसाठी घासाघीस.

पहिल्यांदा इब्राहिम रोझा बघितला. दस्तगीरला प्रश्न विचारत विचारत दाखवायची सवय होती. "सांगा बघू बाई, हे येवढं छत कशावर हुबं हाय?" मी भिंतीवर म्हटलं. "साहेब, तुमी सांगा." अण्णा खांबावर म्हणाले. कवठेकरबाईंना विचारलं, त्या लाजल्या. हेरंबला विचारलं नाही. पुढे जाळीपाशी तेच, पाण्याच्या हौदापाशी तेच. सगळ्यांची परीक्षा, फक्त हेरंब साहेबांना माफी. बडं धेंड कोण हे या लोकांना बरोबर वास येऊन कळतं, असा मी निष्कर्ष काढला.

बडं धेंड मात्र सकाळभर मुकं होतं. काही विचारलं की बाप उत्तर द्यायचा. "हेरंबला स्थापत्यात फार रस." "हेरंबला तिखट चालतं." "हेरंबला गर्दीचा तिटकारा." एकदा मी मुद्दाम हेडमास्तरांकडे पाठ करून विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं या जाळीविषयी?" त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि हसून मान डोलावली. ते हसणं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. पण मी त्याच्यावर विचार केला नाही. शिष्ट माणूस, एवढं नाव त्याला देऊन मी मोकळी झाले.

आणखी एक गोष्ट मला चीड आणत होती. दस्तगीर सांगितल्याबरहुकूम माझ्या उजवीकडून हलत नव्हता. मी वळले की तो धावत वळसा घालून यायचा. ते ठीक होतं, त्याला तसा हुकूम होता. पण थोड्या वेळाने हेरंबही तसंच करू लागला. आधी डावीकडून चालत होता. एकदा त्याने जमिनीवर पडलेली फुटकी काच दाखवायला हात पुढे केला आणि काहीतरी पुटपुटला असावा. मी हसून मान डोलावली आणि सरळ काचेवर पाय दिला. जाड चप्पल होती म्हणून निभावलं. त्यानंतर तोही उजवीकडे यायला लागला. दोघेजण माझ्या एका बाजूला खांद्याला खांदा घासत चाललेले आणि दुसऱ्या बाजूला सगळं विजापूर मोकळं. आपण दिसावं म्हणून याची धडपड, असं मी समजले.

मुलूखमैदान तोफेपाशी दस्तगीरने आपला ठेवणीतला किस्सा काढला.

"ह्या तोफेचा आवाज म्हंजे काय सांगू. बत्ती दिली की गोलंदाज त्या हौदात उडी मारायचा. न्हाईतर कान जायचा. आसं कैक गोलंदाज हुते, एक कान ग्येलेले..." इथे त्याची आणि माझी नजरानजर झाली. तो थांबला, कोटाची बाही मागे सारली आणि म्हणाला, "चला, ऊन व्हायलंय."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. हेडमास्तर तोफेच्या धातूविषयी बोलायला लागले म्हणून बरं.

दुपारी गोलघुमटाच्या बागेत डबे उघडले. वर सकाळपासून शाळांच्या सहली कालवा करत होत्या. मुलं जेवायला खाली आली की वर जाऊ, असं दस्तगीरने ठरवलं होतं. तो स्वतः लांब कट्ट्यावर भाकरी खात बसला. इकडे आमच्या पोळ्या, त्यांची थालीपिठं. हेडमास्तरांनी हात पुसता पुसता अण्णांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुलीच्या प्रकृतीची काही तक्रार? विचारून ठेवलेलं बरं."

"छे, छे. ठणठणीत," अण्णा म्हणाले. "मुलाची?"

"खणखणीत," हेडमास्तर म्हणाले.

दोघेही समाधानाने ताक प्यायले. मला अण्णांची किळस आली. त्याहून जास्त त्या मुलाची, कारण 'खणखणीत' म्हणताना तो बापाकडे बघत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आपली तारीफ ऐकूनसुद्धा लाजणारा तेहतीस वर्षांचा बाप्या.

"आम्ही काही एवढ्या पायऱ्या चढत नाही," हेडमास्तर म्हणाले. "मुलं जाऊन येऊ देत. काय?" आणि त्यांनी कवठेकरबाईंना डोळ्याने खूण केली. अण्णा उठायला लागले, पण शंभरावर पायऱ्या त्यांच्या दम्याला झेपणार नव्हत्या. त्यांनी दस्तगीरकडे पाहिलं. दस्तगीरने आपल्या उजव्या खांद्यावर हात मारून दाखवला.

वरती एका बुटक्या दारातून आत गेलं की घुमटाच्या पोटाला धरून गोल सज्जा आहे. खाली बघितलं तर थडगी, काड्यापेट्या मांडल्यासारखी. माणसं जेमतेम पाचसहा होती. दस्तगीरने मला एका जागी उभं केलं आणि हेरंबला घेऊन तो अर्धा वळसा घालून समोर गेला. तिथून त्याने कागद फाडला. माझ्या शेजारी कुणी धोतर टरकावल्यासारखा आवाज आला. मग काडी ओढली, ती माझ्या उजव्या कानात पेटली.

"आता साहेब बोलतील," भिंत दस्तगीरच्या आवाजात म्हणाली. "हळू बोलतील. बादशा आन् राणी आसंच बोलायचे म्हणत्यात, खरं खोटं त्ये जाणोत. कान भिंतीला लावा, बाई."

मी समोर पाहिलं. घुमटाच्या त्या टोकाला हेरंब भिंतीकडे तोंड करून वाकला होता. सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलायची ज्याला गरज वाटली नाही, तो आता गंमत म्हणून भिंतीशी बोलणार आणि मी ते कान देऊन ऐकायचं. सिनेमातलं एखादं वाक्य असेल, नाहीतर 'हॅलो हॅलो'. असल्या बोलण्याला माझ्याकडे एक खास कान होता. मी पदर डोक्यावरून ओढून उजव्या कानावर घट्ट दाबून धरला आणि डावा कान भिंतीला टेकवला. भिंत गार होती. बाकी काही नाही.

तो बराच वेळ बोलत होता. पाठ दिसत होती, मधून मधून खांदा हलत होता. मग तो वळला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी हसले आणि मान डोलावली.

तो पुन्हा वाकला. या वेळी अगदी थोडंच बोलला असेल. पुन्हा वळून पाहिलं. मी पुन्हा मान डोलावली, जरा जोरातच, की एकदाचं संपावं.

तेव्हा तो हसला. इतक्या लांबून दिसण्याइतका हसला. चष्मा काढून त्याने बाहीने डोळे पुसले. दस्तगीर मात्र त्याच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

उतरताना हेरंब दोनदोन पायऱ्या गाळत माझ्या पुढे गेला. खाली चौथऱ्यावर तिघं थोरली मंडळी बसली होती. तो सरळ अण्णांपाशी गेला आणि वाकून त्याने त्यांच्या पायाला हात लावला. अण्णांचे डोळे भरून आले. कवठेकरबाईंचा हात पिशवीतल्या नारळाकडे गेला.

"म-म-मी," हेरंब म्हणाला. "मी यां-यां-यांना स-स-स..." शब्द येईना. त्याची मान ताठली, पापण्या फडफडायला लागल्या, एक हात मांडीवर आपटत राहिला. "स-सग..."

"दम लागलाय," हेडमास्तर उठून उभे राहिले. "पायऱ्या चढायची सवय नाही. हेरंब, बस तू. त्याचं म्हणणं असं की..."

सकाळपासूनचं सगळं मला लख्ख दिसलं. मला आनंद झाला, हे आता लपवण्यात अर्थ नाही. जकातवाल्याची मुलगी मी. कडब्यात हात घालावा आणि पेटी लागावी तसं झालं.

"दम लागलाय, की बोलताच येत नाही?" मी म्हटलं.

हेडमास्तर मुलाचा खांदा दाबून त्याला खाली बसवायला लागले.

"म्हणून हे विजापूर. म्हणून गाईड. घरी बसवला असतात तर पहिल्या वाक्यालाच कळलं असतं ना, हेडमास्तर? आणि वर आम्हालाच रानटी म्हणालात. तोतरा मुलगा खणखणीत म्हणून गळ्यात बांधायला निघालात, आणि तोही बापाच्या तोंडाने बोलत दिवसभर माझ्याबरोबर हिंडला. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

हे शेवटचं मी मुलाकडे बघून म्हटलं. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलत होते.

"तु-तुम्ही," तो म्हणाला. "व-व-वर..."

"वर काय? वर मी तुमचं काही ऐकलेलं नाही, आणि ऐकणारही नाही. मला हा मुलगा पसंत नाही."

म्हणून झालं. वर्षभर घोकलेलं वाक्य नीट आलं. हेडमास्तरांचं तोंड मला बघायचं होतं तसंच झालं.

मग अण्णा उठले. आत्तापर्यंत गप्प असलेला माणूस, पण लपवलेला माल उघडा पडल्यावर त्यांच्या अंगात नाका संचारायचा. "थांबा, कवठेकर," ते म्हणाले. आवाजही नाक्यावरचाच. "ही सरळ सरळ फसवणूक आहे. आमच्यासारख्या सरळ माणसांशी असं वागता? आणखी काय काय दडवलंय तेही आत्ता सांगून टाका. सगळ्यांसमोर सांगा."

हेरंबने अण्णांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे नाही. त्याची नजर माझ्या डाव्या कुडीवर येऊन थांबली. बराच वेळ थांबली. त्याचे ओठ हलले, मी म्हटलं आता हा पुन्हा सुरू करणार. पण त्याने ओठ मिटले. आईच्या कोपराला धरलं, तिला उठवलं आणि गाडीकडे चालू लागला. कवठेकरबाईंनी नारळ अर्धा बाहेर काढला होता तो आत ढकलला. हेडमास्तर मागून गेले. दिवसभरात पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत.

अण्णा जीपचा ड्रायव्हर शोधायला गेले. मी चौथऱ्यावर बसले. दस्तगीर आला आणि माझ्या उजवीकडे उभा राहिला.

"बाई, येक बोलू?"

"बोला की. तुमचं कामच ते."

"वर मी त्यांच्या शेजारीच हुतो. समदं ऐकलं." त्याने टोपी काढून हातात घेतली. "त्ये म्हणाले, मला बोलताना आडकतं. कुजबुजताना आडकत न्हाई, म्हणून हितनं सांगतो. वडील सांगू नको म्हणत्यात, पण मला त्ये पटत न्हाई. तुमाला चालणार नसंल तर मान हलवू नका. मी खाली जाऊन सांगतो की मलाच मुलगी पसंत न्हाई. तुमच्यावर बोल येणार न्हाई. चालणार आसंल तर मान डोलवा."

मी डोक्यावरचा पदर मागे सारला.

"तुमी डोलावली. मग त्येनी इचारलं, नक्की? तुमी परत डोलावली."

"मला ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

"त्ये मला ठावं हाय. कंचा कान लावला त्येबी बघितलं मी."

"मग तिथंच सांगायचं नाही का त्याला? तुम्हाला तोंड नव्हतं?"

"तुमच्या वडलांनी सकाळी बजावलं, पोरीच्या कानाचं कुणाला बोलायचं न्हाई. मागनं त्यांच्या वडलांनी बजावलं, पोराला बोलतं करायचं न्हाई. दोघांनाबी जबान दिली हुती मी." दस्तगीर टोपीच्या कडेवरून बोट फिरवत होता. त्याच्या आवाजात माझ्याविषयी जी तुच्छता होती, ती मी दिवसभर दुसऱ्यांना वाटत आले होते, त्यामुळे मला लगेच ओळखू आली. "पण त्यांना सांगायची गरजच नव्हती, बाई. त्येनी वर पैलं वाक्य काय म्हटलं ठावं हाय? म्हणाले, तुमाला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, त्ये माझ्या सकाळीच ध्यानात आलं. काचेवर पाय दिला तवा. त्याचं मला काई वाटत न्हाई. आता माझं ऐका."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. दस्तगीरने टोपी घातली, मला सलाम केला नाही, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या शोधात फाटकाकडे निघून गेला.

त्यानंतर आणखी चार ठिकाणी मला दाखवलं. चारही ठिकाणी मी बसल्या बसल्या सांगून टाकलं की माझा डावा कान गेलेला आहे. चौघांनी चहा पूर्ण पिऊन मग नकार दिला. पुढे अण्णा थकले आणि मी सुटले. आता साठी उलटली. सोलापुरात एकटी असते. हेरंब कवठेकरचं पुढे काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार होते?

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी जीपकडे गेले तेव्हा अण्णा दाराशी उभे होते. इतके खूश मी त्यांना फार दिवसांत पाहिले नव्हते.

"चांगलं खडसावलंस," ते म्हणाले. "आणि आपलं झाकलेलं झाकलेलंच राहिलं. त्यांना पत्ताही लागला नाही."

एवढं बोलून ते आत चढले. गडबडीत या खेपेला ते माझ्या डावीकडे बसले. जीप सुरू झाली आणि ते बोलायला लागले. वाटेत कितीतरी गावं गेली, ते बोलतच होते. ओठ हलताना दिसत होते, मधूनच हात उडवत होते, मधूनच हसत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबले.

मी हसले आणि मान डोलावली.